वीस मिनिटांची सवत

मी बोलतेय ती एका घराच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या शेडमधून. मी एक मोटरसायकल आहे. दोन सिलिंडरची, अंगानं भारी, काळ्या टाकीची. वय झालंय, पण रस्त्यानं जाणारे अजून वळून बघतात. रूपाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती माझ्या शेजारी उभ्या असलेल्या छोट्या लाल गाडीबद्दल. तिचं इंजिन ऑइल बदलायला वीस मिनिटं लागतात. माझं बदलायला अख्खा दिवस जातो.

एवढ्याशा गोष्टीवरून कोणी इतकं जळतं का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या घरात तुमच्यापेक्षा सोपं कोणी आणून ठेवलेलं नसेल, म्हणून वाटतं.

मला घडवणाऱ्यांनी माझी टाकी घासून घासून आरशासारखी केली. माझ्या आवाजावर ते महिनोन्महिने खपले. पण गाडीच्या पोटातलं ऑइल काळं पडतं आणि ते कोणाला तरी बदलावं लागतं, ही गोष्ट त्यांना अगदी शेवटी आठवली असावी. कारण ऑइल सोडायचे बोल्ट त्यांनी एक सोडून दोन दिले, तेही दोन टोकांना. एक पोटाखाली, जाड पत्र्याच्या आड. तो पत्रा काढायचा तर आधी चार बोल्ट खोला. दुसरा गिअरच्या दांडीमागे, जिथे पाना जातो पण फिरत नाही. फिल्टर तर सायलेन्सरच्या वळणामागे लपवलेला. म्हणजे सायलेन्सर ढिला करा, बाजूला ओढा, मग फिल्टरचं झाकण, त्याला तीन चिमुकले स्क्रू आणि आत रबराची नाजूक कडी. एवढं करूनही ऑइल किती भरलं हे बघायची काच अशा जागी, की मी सरळ उभी असल्याशिवाय ती खरं सांगत नाही. मला स्टँड एकच, तोही बाजूचा. त्यामुळे एकानं मला सरळ धरायचं आणि दुसऱ्यानं जमिनीवर आडवं होऊन बघायचं.

माझा पहिला मालक औषधं विकत फिरणारा होता. हौशीनं घेतलं त्यानं मला. पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा दुसरा बोल्ट असतो हेच त्याला माहीत नव्हतं. निम्मं जुनं ऑइल पोटात तसंच राहिलं आणि वरून त्यानं नवं ओतलं. मग व्हायचं तेच झालं, ऑइल जास्त झालं आणि मी धूर सोडत सुटले. त्यानंतर तो मला गॅरेजात न्यायचा. गॅरेजवाला मला लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा. "साहेब, आज गर्दी आहे. उद्या आणा." तो उद्या तीन-तीन आठवडे यायचा नाही. वर्षभरात मालक कंटाळला आणि मी विकायला उभी राहिले.

तिथे मला मिस्त्री भेटले.

मिस्त्री छापखान्यात होते. मोठमोठी छपाईची यंत्रं बिघडली की त्यांना बोलावलं जायचं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी किक मारली नाही, टाकीवरून हात फिरवला नाही. खिशातला रुमाल जमिनीवर पसरला, त्यावर डोकं टेकलं आणि माझ्या पोटाखाली बघत बराच वेळ पडून राहिले. उठले तेव्हा हसत होते.

"हिला सवड देणारा माणूस पाहिजे," ते म्हणाले.

औषधवाल्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. मी त्यांच्या घरी आले.

दर सहा महिन्यांनी एक रविवार माझा असायचा. मिस्त्री सकाळी जुनं गोणपाट अंथरायचे. माझ्यातून निघणारा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक स्क्रू एका मोठ्या कागदावर ठेवायचे आणि पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल काढून शेजारी नाव लिहायचे. घाई म्हणून नाही. दुपारी जेवून पुन्हा यायचे. संध्याकाळी शेवटचं काम, ऑइल किती झालं ते बघायचं. तेव्हा ते आत हाक मारायचे, "अगं, येतेस का जरा?" त्यांच्या पत्नी, बाई, हात पुसत यायच्या आणि माझं हँडल दोन्ही हातांनी धरायच्या.

"सरळ धर. अजून सरळ."

"धरलीय हो सरळ. तुम्ही बघा लवकर, माझा भात करपतोय."

"भात करपू दे. ही करपायला नको."

"मग आजपासून हिलाच वाढा जेवायला."

मी त्या दोघांच्या मधे ताठ उभी असायचे. तसा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही. पुढे बाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्यानंतर मिस्त्री मला भिंतीला टेकवून, फळीचा आधार देऊन एकटेच काच बघायचे. पण रविवार चुकला नाही.

मग मुलाचं लग्न झालं. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सून नर्स होती. ज्यांना दवाखान्यापर्यंत येता येत नाही अशा म्हाताऱ्यांच्या, अपघात झालेल्यांच्या घरी जाऊन ती जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. या कामासाठी तिची स्वतःची गाडी होती.

तीच ती. लाल. एका सिलिंडरची, किडकिडीत, आवाज शिलाई मशीनसारखा. आली ती थेट माझ्या शेडमधे, माझ्या शेजारी. आणि उभी कशी राहिली म्हणाल, तर डबल स्टँडवर, एकदम सरळ, कोणाच्याही आधाराशिवाय.

मी पहिल्या दिवशीच नाक मुरडलं. पण खरी आग लागली ती महिनाभरानं. एका सकाळी सून चहाचा कप घेऊन अंगणात आली. कप पायरीवर ठेवला. एक पाना, एक पसरट डबा आणि नरसाळं, बस्स, एवढंच सामान. लाल गाडीच्या पोटाखाली एकच बोल्ट, तोही उघड्यावर, सरळ खाली बघणारा. तिनं तो फिरवला, जुनं ऑइल डब्यात धार धरून पडलं. ते गळेपर्यंत ती पायरीवर बसून चहा प्यायली. बोल्ट परत लावला, वरून बाटली रिकामी केली, झाकणाची काडी बुडवून बघितली आणि हात धुतले. चहा संपून कपाला अजून ऊब होती.

मिस्त्री दारात उभे राहून बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबा."

"एवढंच?"

"एवढंच."

सासरे आणि सून, दोघांचं बोलणं तेव्हा एवढंच असायचं. जेवलात का, जेवलो. दार लावू का, लाव. भांडण नव्हतं, पण मधे मुलगा नसला की एकमेकांशी काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नसावं. मी मात्र त्या सकाळी त्यांचं बोलणं ऐकलंच नाही. मी त्यांचे डोळे बघत होते. मिस्त्री त्या लाल गाडीकडे कौतुकानं बघत होते. माझ्याकडे कौतुकानं बघताना त्यांना घाम पुसावा लागायचा.

पुढचा रविवार माझा होता. मिस्त्रींनी गोणपाट अंथरलं, कागद पसरला. पोटाखालचा पत्रा निघाला. सायलेन्सर सुटला. मग ते फिल्टरच्या स्क्रूंशी बसले. एक स्क्रू निसटून पडला. त्यांनी तो शोधून उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर ते तो हातात धरून नुसते बसून राहिले, आणि मग काहीच न बदलता त्यांनी सगळं होतं तसं कसंबसं परत लावलं. कागदाची गुंडाळी केली. आत गेले.

मला वाटलं, बरं नसेल. पुढच्या रविवारी येतील.

पुढच्या रविवारी आले, पण माझ्याकडे नाही. सुनेला म्हणाले, "तुझ्या गाडीचं ऑइल मी बदलत जाऊ का? तुला कामावर जायची घाई असते."

ती जरा चकित झाली. "चालेल की, बाबा. पण तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? वीस मिनिटांचं तर काम."

वीस मिनिटांचं तर काम! माझ्या अंगाची लाही लाही झाली. सवत म्हणतात ती याहून वेगळी काय असते? ज्या हातांनी माझ्या एकेका स्क्रूभोवती पेन्सिलीनं गोल काढले, ते हात आता तिच्या पोटाखाली. ज्या फडक्यानं माझी टाकी पुसली जायची, त्यानं तिचा आरसा पुसला जाऊ लागला. एकदा तर काम झाल्यावर तिच्या सीटवर थाप मारून ते म्हणाले, "शहाणी आहेस." मला पंधरा वर्षांत कधी शहाणी म्हटलेलं आठवत नाही.

मी पुढचे दिवस कशी वागले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मिस्त्री कधी मला बाहेर काढायला आले, की मी मुद्दाम तीन-चार किका खाल्ल्याशिवाय चालू व्हायचे नाही. चालू झाले की कोपऱ्यापर्यंत जाऊन बंद पडायचे. त्यांनी खाली वाकून बघावं म्हणून पोटाखाली एक-दोन थेंब गाळायचे. त्यांनी वाकून बघितलं आणि माझ्याखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवला. बस्स. माझ्या रुसव्याला मिळालं काय, तर पुठ्ठा.

असे तीन रविवार नाही, तीन वर्षं गेली. माझ्या पोटात तेच ऑइल. ते आधी काळं झालं, मग जाड झालं, मग त्याला जळका वास येऊ लागला. शेजारच्या तिचं दर तीन महिन्यांनी नवं. मी मोजत होते. बाराव्यांदा मिस्त्री तिच्यापाशी स्टूल घेऊन बसले, तो दिवस मला नीट आठवतो.

सून आत होती. जुनं ऑइल गळून झालं होतं. मिस्त्रींनी बोल्ट उचलला आणि भोकाला लावला. लागेना. पुन्हा लावला. मी शेजारून बघत होते आणि मनात म्हणत होते, करा लाड, करा. तेवढ्यात मला तो आवाज आला. लोखंडाची जात आहे माझी. आटे एकात एक न बसता एकावर एक चढले की कसे करकरतात ते मला कळतं. मिस्त्रींनाही कळलं. ते थांबले. त्यांनी दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी पाना लावला आणि जोर करून तो बोल्ट तसाच आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडीखाली एक थेंब होता. संध्याकाळी तीन. पुठ्ठा माझ्याखाली होता, तिच्याखाली नव्हता, म्हणून फरशीवर ते नीट दिसत होते. पण बघितले फक्त मीच.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी प्रत्येक थेंब चवीनं बघितला. म्हटलं, आता कळू दे सगळ्यांना. सोपी, सरळ, शहाणी!

तिसऱ्या दिवशी सून नेहमीसारखी पट्ट्यांची पेटी मागे बांधून निघाली. त्या दिवशी तिला टेकडीपलीकडच्या एका आजोबांच्या पायाची जखम धुवायची होती. वळणावळणाचा रस्ता. मी तिच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकला.

दुपारी दारात एक टेम्पो थांबला. मागच्या बाजूला लाल गाडी आडवी पडलेली. पुढून टेम्पोवाल्यानं सुनेला आधार देऊन उतरवलं. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. कोपर सोललं होतं, गुडघ्याला तिनंच आपल्या पेटीतली पट्टी बांधली होती आणि ती लाल झाली होती.

मिस्त्री धावत आले. या वयात धावले ते.

"काय झालं? अगं, काय झालं?"

"काही नाही, बाबा. घसरले जरा. बसू द्या मला."

टेम्पोवाला भला माणूस होता. गाडी खाली उतरवता उतरवता म्हणाला, "काका, नशीब चांगलं. वळणावर बोल्ट निखळला आणि सगळं ऑइल मागच्या चाकावर. मागून माझ्याऐवजी दुसरं कोणी भरधाव येत असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. बोल्ट बसवला कोणी होता हा? आटे पार खाल्लेत."

मिस्त्रींनी वाकून बोल्टाच्या रिकाम्या भोकाकडे बघितलं.

"मीच बसवला," सून म्हणाली. "घाईत होते."

टेम्पोवाला मान हलवून "जपून हो, ताई" म्हणाला आणि निघाला.

"मी बसवला," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक की टेम्पोवाल्याला तो ऐकूच गेला नाही. टेम्पो गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "खोटं का बोललीस? मी बसवला होता."

तिनं गुडघ्यावरची पट्टी पुन्हा घट्ट केली.

तेव्हा मिस्त्रींनी उजवा हात खिशातून काढला आणि तिच्यासमोर धरला. "बघ," ते म्हणाले.

हात थरथरत होता. वाऱ्यानं पान हलावं तसा नाही. आतून कोणी तरी धक्के द्यावेत तसा. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखे हलत होते. ते त्यांनी डाव्या हातानं थांबवायला बघितलं, तर डावाही हलायला लागला.

"मला माहीत आहे, बाबा," सून म्हणाली.

"कधीपासून?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून. माझं कामच आहे ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हात खिशात ठेवायचात. खिशातल्या हाताबद्दल सासऱ्यांना कसं विचारायचं?"

मिस्त्री तिथेच, पायरीवर, तिच्या शेजारी बसले आणि रडले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं की पडलेली ती आहे आणि रडतायत ते. ते उठून पाणी आणायला गेले. पाणी आणताना निम्मं सांडलं. ती उरलेलं प्यायली.

मी शेडमधे उभी होते. मला खिळखिळं झाल्यासारखं वाटत होतं. तो तीन-तीनदा पडलेला स्क्रू, तो हातात धरून बसलेला माणूस, ते न बोलता परत लावलेलं झाकण. मी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी बघितलं नव्हतं. जळणाऱ्याला दुसऱ्याच्या हातातली थरथर दिसत नाही. त्याला फक्त तो हात कोणावर आहे एवढंच दिसतं. आणि ते थेंब! मला तोंड असतं तर मी बोलले असते का? या प्रश्नाचं उत्तर मी आजवर स्वतःला दिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात सून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. थरथर कमी होईल, जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लाल गाडी गॅरेजात जाऊन नवे आटे पाडून आली, एका दुपारीत. तिचं सगळंच झटपट.

आणि मिस्त्रींनी मला विकायचं ठरवलं.

"ठेवून काय करू?" ते म्हणाले. "मला झेपत नाही. उगाच गंजून जाईल."

मला बघायला त्यांचा नेहमीचा सलूनवाला आला. गुबगुबीत, बोलका माणूस. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून तो खूश झाला. "काका, काय रुबाब आहे हो! दुकानासमोर उभी केली तरी गिऱ्हाईक वाढेल."

"एक गोष्ट आधी सांगतो," मिस्त्री म्हणाले. "हिचं ऑइल बदलायचं कसं ते ऐकून घे. नंतर फसवलं म्हणशील."

आणि ते सांगू लागले. आधी इंजिन कोमट करायचं, गरम नाही. मग पत्रा, त्याचे मागचे दोन बोल्ट पुढच्यांपेक्षा लांब आहेत, अदलाबदल केली की संपलंच. गिअरच्या दांडीमागचा बोल्ट एका दमात सुटत नाही. थोडा फिरवायचा, पाना काढायचा, उलटा करून पुन्हा लावायचा, असं अकरा वेळा. सायलेन्सर खाली सोडायचा नाही, दोरीनं बांधून ठेवायचा. फिल्टरच्या कडीला बोटानं ऑइल चोळायचं, कोरडी बसवली तर ती कापली जाते. ते बोलत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता. तीन वर्षं ज्याला हात लावला नाही, त्यातला एक बोल्ट ते विसरले नव्हते. हात खिशाबाहेर होता आणि बोलण्याच्या भरात तो हलतोय याची त्यांना शुद्ध नव्हती.

सलूनवाल्याचा चेहरा मात्र उतरत गेला. शेवटी त्यानं हात जोडले. "काका, मी लोकांचे केस कापतो. हे असं ऑपरेशन मला नाही जमायचं. मला ती शेजारची छोटी देता का?"

"ती नाही देणार," सून पायरीवरून म्हणाली. ती सुजलेला पाय पुढे करून बसली होती आणि सगळं ऐकत होती. "आणि हीपण नाही."

सलूनवाला गेल्यावर मिस्त्री तिच्याकडे वळले. "हीपण नाही म्हणजे?"

"तुम्ही सांगा, मी करते. तुम्हाला सगळं पाठ आहे. माझे हात धड आहेत. अजून काय लागतं?"

"दिवस जाईल तुझा."

"जाऊ द्या की."

पाय बरा झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी ती माझ्यापाशी बसली. मिस्त्रींनी कागद पसरला, पण गोल तिनं काढले आणि नावं त्यांनी सांगितली. मला तिचा हात नको होता. तीन वर्षं ज्या हातावर मी चरफडले, तो आता माझ्या पोटाखाली. पण हात हलका होता. जखमेवरची पट्टी सोडवावी तसा तिनं तो पत्रा सोडवला.

पहिला बोल्ट सुटला आणि माझ्या पोटातून जे बाहेर आलं ते बघून ती दचकली. "बाबा, हे ऑइल आहे की डांबर?"

"तीन वर्षं," मिस्त्री म्हणाले. मग सांगू लागले, "तुझ्या गाडीचं मी करायचो ना, ते तिच्या प्रेमानं नाही. तेवढंच जमायचं म्हणून. वीस मिनिटांत उरकायचं, एकच बोल्ट, कोणाला कळायचं नाही. हिच्यासमोर जायची मला लाज वाटायची. हिला हात लावला की माझं पितळ उघडं पडायचं."

माझ्या पोटातून शेवटची धार गळत होती. बरं झालं. गाडीला रडता येत नाही, आलं असतं तरी त्या वेळी ते दिसलं नसतं.

गिअरमागच्या बोल्टाशी तिनं पाऊण तास झगडा केला. बोटं सोलली, दोनदा पाना आपटला, एकदा असा शब्द उच्चारला की सासऱ्यांनी ऐकला नाही असं दाखवलं. दुपारी दोघं तिथेच गोणपाटावर बसून जेवली. मिस्त्रींनी तिला छापखान्यातल्या गोष्टी सांगितल्या, बाई गेल्या त्या दिवसाबद्दल सांगितलं. तिनं टेकडीपलीकडच्या आजोबांबद्दल सांगितलं, जे पट्टी बदलताना ओरडायला लागू नये म्हणून गाणी म्हणायचे, आणि नवरा जहाजावर असताना तिला किती भीती वाटायची तेही सांगितलं. वर्षानुवर्षांचं साचलेलं बोलणं त्या दिवशी मोकळं झालं. मी तीन तास सुट्या भागांत पडून होते. दोघांपैकी एकालाही घाई नव्हती.

शेवटचा बोल्ट किती आवळायचा यावर ते अडलं. "थोडा अजून," मिस्त्री म्हणायचे. "किती थोडा?" ती विचारायची. हे सांगता येत नाही, ते हाताला कळतं. तेव्हा तिनं त्यांचा थरथरता हात घेऊन पान्यावर ठेवला आणि वरून आपला हात घट्ट दाबला. दोघांनी मिळून पाना फिरवला. जिथे थांबायचं होतं तिथे ते म्हणाले, "बस." अगदी नेमकं होतं ते. मला माहीत आहे. आवळली गेले ती मीच.

संध्याकाळी मी पहिल्या किकला चालू झाले.

तेव्हापासून आता सहा वर्षं झाली. सून मला चालवते. परवापरवापर्यंत सुट्टीच्या दिवशी मिस्त्री मागे बसायचे. लाल गाडी रोज कामावर जाते, रोज उन्हात मिरवते, तिचं ऑइल कधी बदललं गेलं हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. माझा मत्सर गेला का? नाही. ती सरळ उभी राहिली की मला अजून खुपतं. पण तिच्यापाशी आजवर कोणी दिवसभर बसलेलं नाही, हे मी तिला अधूनमधून जाणवून देते.

तुम्ही कोणी गाडीवाले असाल तर माझं एक ऐका. सोपी गाडी घेतलीत तर सुखी व्हाल, यात वाद नाही. पण माझ्यासारखी अवघड एखादी तुमच्या घरी असेल आणि तुम्ही तिच्याकडे जायचं टाळत असाल, तर टाळू नका. एकट्याला जमत नसेल तर कोणाला तरी शेजारी बसवा. ऑइल काळं होत राहतं. ते तुमच्यासाठी थांबत नाही.

गेल्या महिन्यात माझा दिवस होता. मिस्त्री आता खुर्चीत बसतात. हात तर सोडाच, शब्दही आता ओठापर्यंत यायला वेळ लागतो. सून कामाला लागली. तिला आता सगळं पाठ आहे. तिनं पत्रा काढला, दोन्ही बोल्ट सोडले, सायलेन्सर बांधला, एकदाही वर न बघता.  मिस्त्रींची मान हळूहळू खाली जात होती. मग तिनं हात थांबवला आणि विचारलं,

"बाबा, आता कितीचा पाना घेऊ?"

त्यांनी मान वर केली. बराच वेळ गेला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. ती वाट बघत राहिली.

"दहाचा," ते म्हणाले.

"हो की," ती म्हणाली. "विसरलेच होते."

दहाचा पाना आधीपासून तिच्या मुठीत होता. मी जवळून बघत होते, मला दिसला.